फोन उचलला जाईल

शेजारच्या राज्याशी आमच्या देशाचं फाटलं, हे माझ्या नवऱ्याला टीव्हीवरून कळलं. आणि माझा नवरा परराष्ट्र खात्यात त्याच राज्याच्या विभागाचा प्रमुख होता.

सकाळची वेळ होती. जबर आरशासमोर उभा राहून डोक्यावरचा रुमाल नीट बसवत होता. मी कॉफी आणि खजूर घेऊन आत आले, तेव्हा बातम्या देणारा माणूस वाचत होता की सुमैद अमिरातीने शेजारच्या राज्याशी सगळे संबंध तोडले आहेत. सरहद्दीवरचा नाका बंद, विमानं बंद. त्यांच्या लोकांनी दोन आठवड्यांत देश सोडावा, आपल्या लोकांनी दोन आठवड्यांत परत यावं. जे परत येणार नाहीत त्यांचं नागरिकत्व राहणार नाही.

जबरचा हात रुमालावरच थांबला.

“हे काय वाचतोय हा?”

“तूच सांग. खातं तुझं आहे.”

त्याने मंत्र्यांना फोन लावला. मंत्री म्हणाले, “जबर, मीही आत्ताच ऐकलं. टीव्ही बंद करू नकोस, अजून काही सांगतील.”

निर्णय वाळवंटातल्या छावणीवर झाला होता. अमीर ससाणे घेऊन शिकारीला गेले होते, बरोबर चारच माणसं. कुणी म्हणे तेलाच्या बैठकीला पलीकडच्या राजांनी आमच्या अमिरांना ताटकळत ठेवलं. कुणी म्हणे राजांच्या एका रुसलेल्या चुलतभावाला आम्ही आसरा दिला. खरं काय ते देव जाणे. कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. पेट्रोलचा भाव काय, रस्ता कुठून जायचा, कुणाशी बोलायचं आणि कुणाचं तोंड बघायचं नाही, हे सगळं एकाच दिवाणखान्यात ठरतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवाणखान्याने आम्हाला भरभरून दिलंही आहे. राहतं घर, मुलांची शिक्षणं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं जर्मनीतलं ऑपरेशन. मागावं लागलं नाही. म्हणून विचारायचीही सवय राहिली नाही.

पण त्या सकाळी आमच्या घरात प्रत्येकाच्या मनात एकच नाव होतं. नुवैर. जबरची धाकटी बहीण. नाक्यापलीकडे गाडीने दोन तासांवर तिचं सासर. नवरा मिस्फर आमच्याच टोळीतला. आजोबांच्या काळात वाळूत रेघ ओढली गेली तेव्हा आमची घरं अलीकडे राहिली, त्याची पलीकडे. एवढाच काय तो परकेपणा. तिला तीन मुलं, आणि मुलं बापाच्या देशाची, असा दोन्हीकडचा कायदा.

जबरने फोन लावला, तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

“नुवैर, ऐक. मुलांना घेऊन ये.”

“कशी आणू? तुमच्या नाक्यावर त्यांना शत्रूची म्हणून परत फिरवतील.”

“मग तू एकटी ये. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. मोठे भांडतात, मोठेच मिटवतात.”

“धाकटी अजून अंगावर पिते, जबर. तिला काय सांगू? अमिरांचं मिटलं की येते म्हणून?”

“तुझा पासपोर्ट जाईल, वेडे!”

“जाऊ दे. पासपोर्ट रडत नाही.”

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. “पोरी, मला एवढंच सांग. मिस्फर तुला ठेवून घेतोय, की तू राहतेयस?”

“मी राहतेय, युम्मा.”

“मग राहा.”

फोन जबरच्या हातात देऊन त्या नमाजाला गेल्या. नमाजाची वेळ झालेली नव्हती. बराच वेळ त्या चटईवरून उठल्या नाहीत.

दोन आठवडे संपले आणि नुवैर कुणाचीच राहिली नाही. मिस्फरच्या देशाने तिला राहण्याचा आणि प्रवासाचा परवाना दिला, दर वर्षी नवा करायचा. तिच्यासारख्या शंभराच्या वर बायका होत्या, सगळ्या आमच्याकडच्या लेकी. पलीकडे आमच्या देशाबद्दल चांगला शब्द काढणं हा गुन्हा ठरला होता आणि आमच्याकडे त्यांच्याबद्दल. फोन करायची सोय उरली नाही. मस्कतला जबरची एक चुलत बहीण राहते. ओमानने कुणाचीच बाजू घेतली नव्हती. तिच्या मार्फत निरोप यायचे, तेही असे की मुलं बरी आहेत, दात आला, शाळेत घातलं.

जबरचा विभाग मात्र बंद झाला नाही. बंद करा असं कुणी सांगितलंच नाही, मग करणार कोण? तो रोज जाऊन बसायचा. सहकारी दारातून डोकावून, थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारून विचारायचे, “काय अबू सुवैद, पलीकडे हवा कशी आहे आज?” तोही हसायचा. मग त्याला काम मिळालं. ज्यांच्या मुलांच्या लग्नांत तो जेवला होता त्यांनाच शिव्या घालणारी पत्रकं लिहायचं. भाषा त्याची सुंदर होती. शिव्याही सुंदर व्हायच्या. घरी आला की हात मात्र दोनदा धुवायचा.

एका सोमवारी तो अमिरांच्या खुल्या दरबारात गेला. आमच्याकडे कुणीही जाऊ शकतं, रांगेत उभं राहायचं, अमिरांच्या खांद्याचं चुंबन घ्यायचं आणि बोलायचं. जबर म्हणाला, “उम्र वाढो आपली. माझी बहीण पलीकडे अडकली आहे.” अमिरांनी त्याचा हात हातात घेतला, आईची तब्येत विचारली. “देव वाट काढेल,” म्हणाले. जबर आनंदात घरी आला. दुसऱ्या दिवशी सचिवाचा फोन. “साहेब, मी तपासलं. त्या बाई अडकलेल्या नाहीत, राहिलेल्या आहेत. दोन्हींत फरक आहे.”

तिसऱ्या वर्षी, एका दुपारी, शेख जासर आमच्या घरी कॉफी प्यायला आले.

शेख जासर म्हणजे अमिरांचे सख्खे धाकटे भाऊ. पुढे-मागे गाड्या नाहीत, एकच पांढरी जीप, स्वतः चालवत. राजघराण्यातला माणूस असा न सांगता दारात आला की आधी आपल्या हातून काय चुकलं ते आठवतो, मग हसतो. मी आणि सासूबाई आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं ठेवून. शेख सगळं मोठ्यानेच बोलत होते. आम्हीही ऐकावं असंच त्यांना वाटत असणार.

“अबू सुवैद, तुमचे मेहुणे उंटांचे डॉक्टर ना?”

“हो.”

“कुणाच्या उंटांचे?”

जबर त्यांच्या पेल्यात कॉफी ओतू लागला. उत्तर दिलं तर पलीकडची खबर ठेवतो असं होणार, नाही दिलं तर खोटं.

“घाबरू नका,” शेख म्हणाले. “आम्हाला ठाऊक आहे. राजांच्या भावाच्या शर्यतीच्या उंटांचे. दर गुरुवारी तो माणूस स्वतः तबेल्यात येतो आणि तुमच्या मेहुण्यांशी तासभर बोलतो. त्याच्या मंत्र्यांना तो पाच मिनिटं देत नाही.”

मग त्यांनी काम सांगितलं. दोन्ही देशांच्या सामाईक समुद्रातल्या तेलविहिरी भांडणापासून बंद होत्या. तेलाचा भाव पडला होता, दोन्हीकडे ओढाताण सुरू झाली होती आणि ज्या मोठ्या देशाच्या युद्धनौका आमचा समुद्र राखतात तोही आता पुरे करा म्हणत होता. मिटवायचं दोघांनाही होतं. फक्त आधी हात पुढे कुणी करायचा हे ठरत नव्हतं.

“निरोप एवढाच,” शेख म्हणाले. “ईदच्या दिवशी राजांचा फोन आला, तर अमीर स्वतः उचलतील.”

“एवढंच?”

“एवढंच. पहिला फोन आम्ही करायचा नाही. आणि त्यांनी केला तर ‘अमीर विश्रांती घेत आहेत’ असं उत्तर मिळून त्यांची शोभा होणार नाही, एवढी खात्री त्यांना हवी. सगळं घोडं तिथे अडलंय.”

“मंत्रिसाहेबांना हे...”

“मंत्र्यांना कळवायची गरज नाही. दोन दिवसांनी मस्कतला या. बहिणीला आणि मेहुण्यांना तिथे बोलावून घ्या. डोळे तपासायचे आहेत म्हणून सांगू दे घरी.”

“आणि जमलं नाही तर?”

“तर मी आज इथे फक्त कॉफी प्यायला आलो होतो.” त्यांनी पेला हलवून आता पुरे अशी खूण केली. “छान आहे कॉफी.”

जीप गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. “कॉफी प्याला,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या जावयाची मान मागून गेला.”

“युम्मा, देशाचं काम आहे.”

“देशाला माझाच जावई सापडला होय?”

मस्कतच्या त्या हॉटेलात मी नुवैरला जवळजवळ तीन वर्षांनी पाहिलं. तिचे गाल बसले होते. धाकटी तिच्या कडेवर होती. मी हात पुढे केले तर पोर मान फिरवून आईच्या गळ्यात शिरली. नुवैर हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग आम्ही दोघी उगाचच मुलीच्या बुटांबद्दल बोलत राहिलो.

शेख जासर वेगळ्या खोलीत थांबले होते. मिस्फर मुलांना घेऊन खाली बसला. वर गेलो आम्ही तिघं. नुवैर, जबर आणि तिच्या सोबतीला मी. शेखनी निरोप सांगितला. नुवैरने तो शांतपणे ऐकून घेतला.

“हे मिस्फरने राजांच्या भावाच्या कानावर घालायचं?”

“हो. उंटाच्या पायाला पट्टी बांधता बांधता.”

“आणि त्यांनी पोलीस बोलावले तर? शत्रूचा निरोप आणला म्हणून पंधरा वर्षं आत टाकतात तिकडे.”

“बोलावणार नाहीत.”

“तुम्हाला कसं माहीत? आपलं तर त्यांच्याशी बोलणंच बंद आहे ना?”

जबरला ठसका लागला. शेख मात्र मोकळेपणाने हसले. “अबू सुवैद, ही तुमच्या खात्यात हवी होती. बोल बाई, तुला काय हवं?”

“माझा पासपोर्ट.”

“दिला.”

“आणि बाकीच्या बायकांचे. एकट्या माझ्या गावात नऊजणी आहेत. मी सगळ्यांचे म्हणतेय.”

शेखच्या कपाळावर बारीक आठी आली. “त्यांनी आमच्यासाठी काय केलंय?”

“मी तरी अजून काय केलंय? त्या पोरांजवळ राहिल्या, मीही राहिले. एकीचा बाप मेला तर तिला नाक्यावरून परत पाठवलं. सगळ्यांचे द्या, मग मी मिस्फरला सांगते. नाहीतर आज आम्ही फक्त डोळे तपासायला आलो होतो.”

जबर जमिनीकडे बघत होता. अमिरांच्या भावाशी असं कुणी बोललेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

शेखनी उजव्या हाताचं बोट आपल्या नाकावर ठेवलं. “या नाकावर. सगळ्यांचे.”

आमच्याकडे पुरुषाने नाकाला बोट लावून शब्द दिला की त्यावर पुन्हा प्रश्न करायचा नसतो. नुवैरने मान हलवली.

खाली मिस्फर मुलांना आइस्क्रीम भरवत होता. तिने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तो मोठा सावकाश माणूस. ऐकून घेतलं, पोराचं तोंड पुसलं आणि मग म्हणाला, “उंट लाथ मारायच्या आधी कान मागे घेतो, तेवढ्यात माणूस सरकतो. राजांच्या भावाचे कान रुमालाखाली असतात, एवढीच पंचाईत आहे.”

“नको असेल तर नाही म्हण,” जबर म्हणाला.

“नाही कसं म्हणू? हिने शंभरजणींचं बोलून ठेवलंय.”

आम्ही परतलो. रमजान सुरू झाला, निम्मा संपला, आणि मस्कतहून निरोप आला की मिस्फर तबेल्यातून घरी आलेला नाही.

ते दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. जबर शेख जासरांच्या वाड्यावर गेला. शेख देशाबाहेर आहेत, असं सांगितलं. पुन्हा गेला. शेख विश्रांती घेत आहेत. मंत्र्यांना काही सांगायची सोय नव्हती, कारण मंत्र्यांना काही माहीतच नव्हतं. सासूबाईंनी जबरशी बोलणं सोडलं. इफ्तारला सगळे एकाच थाळीभोवती बसायचे आणि त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, “त्याला विचार, पाणी हवंय का.” जबर पाणी प्यायचा आणि उठून जायचा. एकदा मी त्याला गाडीत बसलेला पाहिलं, आमच्याच अंगणात, गाडी सुरू न करता, दोन्ही हात चाकावर.

ईदच्या दिवशी नमाजानंतर टीव्हीवर वाचलं गेलं की राजांनी अमिरांना दूरध्वनी करून ईदच्या शुभेच्छा दिल्या आणि अमिरांनी त्यांचा आनंदाने स्वीकार केला. एवढी एकच ओळ. पण रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. शेजारच्या मुलांनी दोन्ही देशांचे झेंडे काढले. कुठे जपून ठेवले होते कोण जाणे. शिव्यांची गाणी दुपारपर्यंत बंद झाली.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. “मिस्फर?” त्या म्हणाल्या.

मिस्फर दोन दिवसांनी घरी पोचला. त्याला मारलं नव्हतं. एका चांगल्या पाहुणघरात ठेवलं होतं, जेवण उत्तम. फक्त दार बाहेरून बंद आणि रोज नवा माणूस येऊन तेच विचारायचा. निरोप कुणाचा, यात डाव काय, तू कुणाचा माणूस? राजांनी फोन केला आणि पलीकडून खरंच अमिरांचा आवाज आला, तेव्हा दार उघडलं. राजांच्या भावाने त्याला सोन्याचं घड्याळ दिलं आणि पाठ थोपटली. मिस्फरने तेही घेतलं. पण तेव्हापासून तो दार लावून झोपत नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. विमानतळावर अमीर आणि राजे नाकाला नाक लावून भेटले. विहिरी सुरू झाल्या, नाका उघडला. तिथल्या आमच्या दूतावासाचं कुलूप निघालं आणि जबरला राजदूत म्हणून पाठवलं. सासूबाई मुलाशी पुन्हा बोलू लागल्या होत्या, पण बरोबर यायला तयार झाल्या नाहीत. “माझी लेक इकडे येऊ दे,” म्हणाल्या. मी जबरबरोबर गेले. एवढं मोठं घर मी कधी चालवलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी बायका आल्या. दूतावासाच्या बाहेरच्या दालनात खुर्च्या पुरेनात. नुवैरने गावोगाव सांगितलं होतं, पासपोर्ट येतील, शेखनी शब्द दिलाय. काहीजणींनी मुलांना नवे कपडे घालून आणले होते. मी त्यांना कॉफी पाठवली, त्यांच्यात जाऊन बसले. एक म्हातारी माझा हात सोडेना. म्हणाली, “तुमच्या घरच्या पोरीने आमची लाज राखली.”

महिन्याभराने देशाहून टपालाची पिशवी आली. तिच्यात एकच पासपोर्ट होता.

जबरने नुवैरला आपल्या खोलीत बोलावलं. मीही होते. त्याने पासपोर्ट टेबलावर ठेवला. तिने उघडून आपला फोटो पाहिला.

“बाकीचे?”

“येतील. एकेक करून.”

“कोण म्हणालं?”

जबर टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“जबर, कोण म्हणालं?”

“कुणी नाही. मीच म्हणतोय.”

तिने पासपोर्ट मिटून परत त्याच्याकडे सरकवला. “हा घेऊन मी बाहेर कशी जाऊ? त्या सगळ्या दारातच बसल्यात.”

“वेडेपणा करू नकोस. आई थकलीय. हा घे, जा, तिला भेट. भांडायचं ते मग भांड.”

“मी कुठल्या तोंडाने भांडू? माझं काम झालेलं असेल. राजदूत तू आहेस. तू भांड.”

ती गेली. जाताना दालनातल्या बायकांना काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण कुणी आवाज चढवला नाही. एकेक उठून गेली. कॉफी तशीच राहिली.

जबर भांडला, त्याला येत होतं त्या पद्धतीने. त्याने वर कळवलं. उत्तर आलं की अशा कुठल्याही आश्वासनाची माहिती नाही. शेख जासरांकडे आता दुसरी खाती होती. त्याने पुन्हा कळवलं. मग उत्तरच आलं नाही.

वसंतात अमीर पहिल्यांदा राज्याच्या दौऱ्यावर आले. तलवारींचा नाच झाला, ऊद जाळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूतावासात आमच्या लोकांची भेट होती. आधी पुरुष, मग कर्मचाऱ्यांच्या घरच्या बायका. त्या ओळीत जबरने नुवैरला उभं केलं. मला आदल्या दिवशी म्हणाला होता, “अठरा वर्षं मी ह्यांची वाक्यं नीट करून देतोय. एक वाक्य तिचं तिने म्हणू दे.” मला, खरं सांगते, त्याचा फार अभिमान वाटला.

अमीर तिच्यासमोर आले. मागे शेख जासर.

“उम्र वाढो आपली,” नुवैर म्हणाली. “मी जबरची बहीण. आपल्या भावांनी नाकाला बोट लावून मला शब्द दिला होता. इथे अडकलेल्या सगळ्या लेकींचे पासपोर्ट परत देऊ म्हणून. तो शब्द अजून वाटेवर आहे.”

अमिरांनी मान वळवली. “जासर? दिला होतास?”

शेख जासरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “दिला होता, उम्र वाढो आपली.”

“मग पाळ की!” अमीर हसले. सगळे हसले. नुवैरही हसली. त्यांनी तिच्या मुलांची नावं विचारली आणि पुढे सरकले. तेवढ्या एका वाक्यात सगळं सुटलं होतं. त्या दिवशी मी स्वतः भात आणि मटण शिजवलं, मिस्फर मुलांना घेऊन आला, जबर जमिनीवर बसून भाच्यांशी खेळला. सासूबाईंना फोनवर सगळं तीनदा सांगितलं. त्या तिकडून नुसत्या “अल्हमदुलिल्लाह, अल्हमदुलिल्लाह” म्हणत होत्या.

पासपोर्ट आले. थोडे आले. ज्यांचे भाऊ सैन्यात होते, ज्यांच्या माहेरचं कुणी राजघराण्यात येत-जात होतं, त्यांचे. बाकीच्यांची प्रकरणं तपासाखाली आहेत असं कळलं, आणि आजही ती तपासाखालीच आहेत. नुवैरचा आला नाही. जबरने विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की तिचा पूर्वीच पाठवला होता, तिने नाकारला, नाकारलेला पासपोर्ट रद्द होतो.

थोड्याच दिवसांत जबरला परत बोलावलं. राजशिष्टाचाराच्या माणसाने फार अदबीने विचारलं, अमिरांच्या भेटीच्या ओळीत एक परकी बाई कशी आली? जबर म्हणाला, “ती माझी बहीण आहे.” तो माणूस म्हणाला, “तेच लिहितो.” जबरला कुणी दोष दिला नाही. पदक दिलं, निवृत्तिवेतन भरपूर दिलं. घर राहिलं, गाडी राहिली. फक्त त्याच्याकडे कॉफीला यायचं लोकांनी थांबवलं. आधी खात्यातल्यांनी, मग शेजाऱ्यांनी. शेख जासरांना मी एकदा एका लग्नाच्या दारात पाहिलं. त्यांनी थांबून सासूबाईंची तब्येत विचारली, अगदी आपुलकीने. मला वाटतं, त्यांना आपण शब्द मोडला असं वाटतच नसावं. त्यांनी सांगितलं असेल, खाली कुणीतरी तपासतंय, एवढंच.

सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात. सकाळी गेल्या आणि आमच्या पद्धतीप्रमाणे दुपारच्या नमाजानंतर माती दिली. नुवैरने सकाळीच व्हिसाचा अर्ज केला होता. तो चौथ्या दिवशी मिळाला, पाहुण्यांचा, आठवड्याचा.

मी आणि जबर तिला आणायला नाक्यावर गेलो. आमच्या नागरिकांची खिडकी मोकळी होती. परक्यांच्या खिडकीपुढे ट्रक चालवणाऱ्यांची, मजुरांची लांब रांग होती आणि तिच्यात नुवैर, काळ्या अबायात, धाकटीचा हात धरून. जबर काचेच्या अलीकडे उभा होता. तो पुढे जाऊन अधिकाऱ्याशी काही बोलेल असं मला वाटलं. एके काळी त्याच्या एका फोनवर हा नाका उघडायचा. पण तो उभाच राहिला, आणि मग मला दिसलं की तो रडतोय, तोंड न लपवता, लहान मुलासारखा.

खिडकीतला अधिकारी तरुण होता. त्याने तिचा कागद पाहिला, तिची बोली ऐकली आणि गोंधळला. “बाई, तुम्ही तर आमच्याच दिसता. तुम्ही या रांगेत कशा?”

“तुमच्याच होते,” नुवैर म्हणाली. “मार शिक्का.”

आठवडाभर घरात दुखवट्याला बायका येत राहिल्या. कितीतरी महिन्यांनी आमचा दिवाणखाना भरला. नुवैर आईच्या खोलीत झोपायची. जबर रोज संध्याकाळी तिच्या शेजारी येऊन बसायचा, आणि दोघं बालपणीच्या कुठल्याशा शेळीवरून वाद घालायची. पासपोर्टचा विषय कुणी काढला नाही. शेवटच्या दिवशी मी तिची बॅग भरत होते तेव्हा तिने विचारलं, “वहिनी, मी तेव्हा तो घेतला असता तर आईला भेटले असते ना?”

मी म्हटलं, “भेटली असतीस.”

तिने मान हलवली. मुलीच्या पायात बूट चढवले आणि म्हणाली, “परवा आमच्या गावातल्या बायका येणार आहेत घरी. नवा अर्ज लिहायचाय. जबरला विचार, एकदा वाचून देईल का. त्याची भाषा चांगली आहे.”

जबर वाचून देणार आहे.